डोहाळे लागतात, पण पुरवायचे कुणी?



परवा बस्तीत अभिषेक झाल्यावर आम्ही पाच-सहाजणी कट्ट्यावर बसलो होतो. एकीने सांगितलं की तिच्या सुनेला स्कूटर शिकायची आहे. दुसरी लगेच म्हणाली, "आता हे कसले डोहाळे लागले तिला?" सगळ्या हसल्या. मीपण हसले. घरी येऊन भाकरी थापायला बसले तरी तो शब्द काही डोक्यातून जाईना. ती सून गरोदर नाही. मुलाची शाळा लांब आहे आणि रिक्षावाला रोज उशीर करतो, म्हणून तिला स्कूटर हवी आहे. ही साधी गरज झाली. पण सुनेने काही मागितलं की आपल्या तोंडात डोहाळे हाच शब्द येतो, आणि तो प्रेमाने येत नाही.

वर्तमानपत्रातही तेच. कुणाला खुर्चीचे डोहाळे, कुणाला तिकिटाचे. उधळपट्टी करणाऱ्याला भिकेचे डोहाळे. मला विचाराल तर खुर्चीसाठी जी सुटते ती हाव. तिला डोहाळे म्हणणं म्हणजे एका चांगल्या, बायकांच्या शब्दाला बाजारात नेऊन बसवणं आहे.

न आवरणाऱ्या इच्छेला मराठीत शब्द काही कमी नाहीत. चहाची तलफ येते. रात्री अकराला कपाट आवरायची हुक्की येते. खोकल्याची उबळ येते, साडीच्या दुकानात मोह पडतो. पण या शब्दांच्या पुढे येणारी क्रियापदं बघा. तलफ भागवतात, उबळ दाबतात, मोह आवरतात. ज्याची त्यानेच करायची ही कामं. माझी तलफ मीच भागवते, शेजारीण नाही. डोहाळे मात्र पुरवतात. आणि ते जिला लागले तिने नाही, दुसऱ्यांनी पुरवायचे. नवऱ्याने, सासूने, आईने, जावेने. म्हणजे या शब्दात बाईची इच्छा जेवढी आहे तेवढीच घरच्यांची जबाबदारी आहे. मी बी. कॉम. झालेली बाई, मला हे खात्यासारखं दिसतं. एका बाजूला तिचं मागणं, दुसऱ्या बाजूला आपलं देणं. आपण मागण्याची बाजू तेवढी चघळत बसतो.

शब्द आला कुठून तेही सांगते. संस्कृतात दोहद, दौहृद अशी रूपं आहेत. दोन हृदयांची ती दौहृदिनी, म्हणजे गर्भवती, असा अर्थ सुश्रुतसंहितेत दिला आहे. चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय प्रकट होतं, म्हणून तेव्हापासून आईला होणाऱ्या इच्छा दोघांच्या मिळून असतात, असं त्यात म्हटलं आहे. दुर्हृद म्हणजे जीव कसनुसा होणं, त्यावरून हा शब्द आला असंही काही अभ्यासक मानतात. ज्यांना तिसऱ्या महिन्यात फोडणीचा वास सहन झालेला नाही त्यांना तेही पटेल. प्राकृतात आल्यावर शेवटच्या द चा ल होतो. बाराव्या शतकात गुजरातेत होऊन गेलेल्या आचार्य हेमचंद्रांनी आपल्या व्याकरणाच्या प्राकृत अध्यायात या बदलाची खास नोंद केली आहे. तिथून आपला डोहाळा एका पावलावर. आमच्या बेळगावकडच्या नात्यात कानडी बोलतात, तिकडे याला बयके म्हणतात, म्हणजे सरळ इच्छाच.

चरकसंहितेत तर एक गोष्ट अशी आहे की ती प्रत्येक सासूने वाचावी. गर्भवतीची इच्छा फारच तीव्र असेल तर ती वस्तू अपायकारक असली तरी हितकर पदार्थात मिसळून तिला द्यावी, पण नुसतं नाही म्हणू नये, असा तिथला सांगावा आहे. डोहाळे न पुरवल्यास मूल कुबडं, लंगडं होतं, असं जे जुन्या ग्रंथांत आहे ते अर्थात खरं नाही. त्याची भीती कुणी धरू नये आणि कुणाला घालू नये. पण ती भीती कुणाला घातली होती ते तरी बघा. बाईला नाही, घरच्यांना.

आता आपल्या कथांकडे येते. "इच्छा म्हणजे मोहनीय कर्म, ती जिंकायची असते" असं आपण सुनेला ऐकवतो ना, त्याच आपल्या धर्माच्या कथांत डोहाळे इतक्या ठिकाणी आहेत की मोजत बसावं.

नायाधम्मकहाओ हे श्वेतांबर आगम. आमच्या दिगंबर घरात ते वाचनात नव्हतं. पुण्याला मुलाकडे राहायला गेले तेव्हा त्याच सोसायटीतल्या एका मारवाडी मैत्रिणीने त्याचं भाषांतर वाचायला दिलं. त्यात मेघकुमाराची गोष्ट आहे. राजगृहाच्या श्रेणिक राजाची राणी धारिणी हिला तिसऱ्या महिन्यात डोहाळे लागले ते अकाली पावसाचे. ऋतू नसताना आभाळ भरून यावं, हिरवळ उगवावी आणि आपण हत्तीवर बसून वैभार पर्वताच्या पायथ्याशी फिरावं. आता हे कुणाला सांगणार? ती मनातल्या मनात झुरू लागली, वाळली. दासींनी विचारलं, ती गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. त्यांनी राजाला सांगितलं. राजा धावत आला. त्यानेही विचारलं, तरी बोलेना. शेवटी शपथ घातली तेव्हा कुठे तिने सांगितलं. मग अभयकुमाराने, म्हणजे सवतीच्या मुलाने, तीन दिवसांचा उपवास करून आपल्या एका देव-मित्राला बोलावलं आणि पाऊस पाडवला. मूल झालं त्याचं नाव मेघ.

देवाने पाऊस पाडला की नाही यात मला शिरायचं नाही. मला त्या कथेतलं विचारणं महत्त्वाचं वाटतं. सगळ्या मगध देशाचा राजा बायकोला पुन्हा पुन्हा विचारतो, "काय झालं?" कुणीही तिला म्हणत नाही, "हे कसले मेले डोहाळे?"

याच श्रेणिकाच्या दुसऱ्या राणीची, चेलनेची, गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे. ती निरयावलियात येते. तिला नवऱ्याच्याच पोटाचं मांस खाण्याचे डोहाळे लागले. चेलना धर्मनिष्ठ, तिला स्वतःचीच शिसारी आली. तीही झुरली, तीही बोलेना, तिलाही शपथ घालावी लागली. अभयकुमाराने युक्ती केली. दुसरीकडून आणलेलं मांस राजाच्या पोटावर ठेवून कापल्याचं सोंग केलं. पुढे त्या मुलाला तिने उकिरड्यावर टाकलं, तिथे कोंबड्याने त्याचं बोट चावलं, राजाने त्याला उचलून आणलं आणि त्या बोटातला पू स्वतःच्या तोंडाने ओढून काढला. तोच कुणिक. मोठा होऊन त्याने बापाला तुरुंगात घातलं. आईने लहानपणाची ही हकिकत सांगितली तेव्हा तो कुऱ्हाड घेऊन बेड्या तोडायला धावला, आणि हा मारायला येतोय असं समजून बापाने विष घेतलं.

ही कथा मी तीनदा वाचली. इतकी भयंकर इच्छा, पण कथा चेलनेला दोष देत नाही. ती इच्छा पोटातल्या जीवाच्या पूर्वकर्माची होती, असं सांगते. बाईच्या मनात आलं म्हणजे बाई वाईट, हा हिशेब आपला आहे. आगमांचा नाही.

आणि आपल्या दिगंबर परंपरेतल्या पद्मपुराणात, सातव्या शतकात रविषेणाचार्यांनी लिहिलेल्या, सीतेचे डोहाळे काय होते? जिनमंदिरांचं दर्शन घ्यावं, पूजा करावी. किती साधे, किती पवित्र. आणि त्याच निमित्ताने रामाच्या सांगण्यावरून कृतांतवक्त्र सेनापती तिला रथात बसवून घेऊन गेला आणि अरण्यात सोडून आला. गर्भवतीने विश्वासाने मनातलं सांगितलं आणि तेच तिच्याविरुद्ध वापरलं गेलं. प्रवचनात हा प्रसंग आला की बायका डोळे पुसतात. मग घरी जाऊन सुनेला म्हणतात, "कसले डोहाळे!"

माझं स्वतःचं सांगते. माझ्या माहेरी शेती. कांदा चालायचा, फक्त चातुर्मासात आणि पर्वात बंद. न्याहारीला झुणका-भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. सासर कडक. कंदमूळ घरात नाही आणि दिवेलागणीनंतर चूल नाही. मला त्याचा त्रास कधी झाला नाही, सहा महिन्यांत सवय झाली. १९८५ साली मोठ्याच्या वेळी मात्र तिसऱ्या महिन्यात मला कांद्याचा ध्यास लागला. शेजारच्या घरात कांदा परतायला लागले की मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने गच्चीवर जाऊन उभी राहायची. लाज वाटायची. पोटात जीव वाढतोय, णमोकार म्हणायचा सोडून मी वास घेत उभी आहे! कुणाला सांगितलं नाही. जेवण कमी झालं.

आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, फार बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी एकदा मला गच्चीवर पाहिलं. काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, "पोरी, आठ दिवस माहेरला जाऊन ये. आईच्या हातचं खाऊन ये जा." चौथ्या महिन्यात कुणी माहेरी धाडत नाही, म्हणून मी बघतच राहिले. तर म्हणाल्या, "तिकडं काय खातीस ते मी विचारणार नाही." स्वतःचा नियम त्यांनी मोडला नाही, घराचाही मोडू दिला नाही, आणि माझी कोंडीही फोडली. अभयकुमाराची गोष्ट त्यांनी वाचली असण्याची शक्यता नाही, त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. माहेरी मी दोन दिवस कांदा खाल्ला, तिसऱ्या दिवशी नको झाला.

एवढी चांगली सासू मिळूनही मी काय शिकले? आता ज्याची लाज वाटते ते सांगते.

आमच्या सूनबाईच्या पहिल्या खेपेला मी पुण्याला गेले होते. पाचवा महिना. तिच्या ओढणीवर पांढरी भुकटी दिसायची. एकदा तिची पर्स उचलताना आतून पाटीवरच्या पेन्सिलींचा खोका पडला. ती ओशाळली. म्हणाली, "आई, खूप खाविशी वाटते. दिवसाला पाच-सहा खाते." मी हसले! म्हटलं, "अगं, डोहाळे ते. मीसुद्धा भिंतीची माती चाखली होती. चालायचंच." आणि विषय तिथेच संपवला. फोनवर बहिणीला गंमत म्हणून सांगितलासुद्धा.

महिन्याभराने ती जिना चढताना धापा टाकून खाली बसली. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ७.९. गरोदर बाईचं ते अकराच्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "माती, खडू, बर्फ, असलं काही खावंसं वाटतं का?" माझ्याकडे बघत सूनबाई म्हणाली, "पेन्सिल." त्या म्हणाल्या, "मग हे आधीच का नाही सांगितलं?" अंगात लोह कमी पडलं की अशी न खाण्याच्या वस्तूंची ओढ पुष्कळदा लागते. लोह देणाऱ्या गोळ्या तिच्या कपाटात तशाच पडून होत्या, कारण त्यांनी मळमळायचं. शेवटी सलाईनमधून लोह द्यावं लागलं. देवाच्या दयेने पुढे सगळं ठीक झालं. पण डोहाळे हा शब्द उच्चारून मी त्या पोरीचं तोंड बंद केलं होतं. ती सांगत होती आणि मी नाव ठेवून मोकळी झाले होते.

म्हणून माझं म्हणणं, डोहाळे लागले असं कळलं की हसायचं नंतर, आधी विचारायचं. काय खावंसं वाटतं? किती दिवसांपासून? माती, भाजकी मुलतानी, खडू, पेन्सिल, राख, कच्चे तांदूळ, सारखा बर्फ यातलं काही असेल तर त्याच आठवड्यात रक्त तपासून घ्या. रागवायचं नाही, रागावलं की ती चोरून खाते.

आपल्याकडे एक अडचण जास्तीची आहे, ती लपवून काय उपयोग? चातुर्मासात आपल्या पुष्कळ घरांत पालेभाजी बंद. संध्याकाळनंतर जेवण नाही. नेमका पाचवा-सहावा महिना त्यात आला तर बाईच्या पोटात लोह जाणार कुठून? नाचणी, राजगिरा, अळीव, खजूर, काळे मनुके, मोड न काढलेली मसूर-मटकी, लोखंडी तवा-कढई, तुमच्या नियमात बसेल ते रोज ठेवा. वर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा नको, त्याने उलटं होतं. पण रक्त एकदा खाली गेलं की नुसत्या खजुराने भागत नाही, गोळी लागतेच. सरकारी दवाखान्यात मिळते ती गोळी ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची, चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घेऊ नका, दोन वेळा वेगळ्या ठेवा. आणि कॅप्सूलचं वेष्टण बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्याच्या हाडा-कातड्याचं असतं. म्हणून आपल्या काही बायका औषध गुपचूप फेकून देतात. फेकू नका. डॉक्टरांना सरळ सांगा, "मला कॅप्सूल नको, साधी गोळी किंवा पातळ औषध द्या." मिळतं. मी मागून घेतलं आहे.

कांद्याचं काय, असं तुम्ही विचारणार. मीही एका आर्यिका माताजींना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "नियम ज्याने घेतला त्याचा. तू घेतलास तो तू पाळ. सुनेने घेतला आहे का?" मी गप्प बसले. ज्या मुलीने नियम घेतला आहे आणि तो मोडायचा नाही, तिला आपण मदत करायची. कांद्याच्या ओढीला पुष्कळदा हिंगाची खमंग फोडणी, कोबी, भाजलेलं खोबरं यांनी उतार पडतो. जिने घेतलेला नाही, तिला आत्तींसारखी आठ दिवसांची वाट मोकळी ठेवायची. काहीजणींना हे पटणार नाही, ठाऊक आहे. कांद्याने धर्म बुडतो असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. पण पोटुशी मुलगी आपल्या घरात तोंड मिटून झुरते, त्याचा दोष कुणाच्या खात्यावर, एवढं त्यांनी सांगावं.

डोहाळजेवणाबद्दलही थोडं बोलते. सातव्या महिन्यात हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा, झाकलेल्या वाट्यांत पेढा की बर्फी. आता त्यात फोटोवाला, मोठा केक आणि नाव छापलेले फुगे आले. हौस आहे, करा, फक्त दिवसाउजेडी करा. ती पेढा-बर्फी मात्र मला कधीच आवडली नाही. पेढा निघाला की टाळ्या, बर्फी निघाली की "असू दे, लक्ष्मी आली". गेल्या वर्षी एका कार्यक्रमाला गेले होते. ऐंशी पानं जेवली. जिचं डोहाळजेवण ती दोन तास झोपाळ्यावर बसून, पाय सुजलेले, आणि सगळ्यात शेवटी जेवली, तेही आवडीचं काही उरलं नव्हतं. तिला काय खायचं होतं ते कार्यक्रम ठरवताना कुणी विचारलंच नव्हतं. केटररने मेनू ठरवला होता.

जाता जाता एक तक्रार. गरोदर बाईला वाटलं तर डोहाळे, पुरुषाला वाटलं तर तलफ. साठीतल्या बाईला एखाद्या दुपारी चिंच-गूळ खावासा वाटला, तर? तर "या वयात चळ लागलाय." वयात आलेल्या मुलीला वाटलं तर "जिभेचे चोचले." आमच्या इच्छेला सात महिनेच काय तो मान!

सूनबाईला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी आधीच फोन केला. या खेपेला मी शहाणी झाले होते. म्हटलं, "काय खावंसं वाटतं ते सांग, लाजू नकोस, कांदा असो की पेन्सिल." ती बराच वेळ बोलेना. मग म्हणाली, "आई, खायचं काही नाही हो. नुसतं झोपावंसं वाटतं. कुणी हाक मारू नये आणि मी झोपून राहावं."

मला नायाधम्मकहाओतली प्रभावती राणी आठवली, मल्लींची आई. (मल्लिनाथांना आपण पुरुष मानतो, श्वेतांबर स्त्री मानतात, तो वाद इथे नको.) तिला डोहाळे लागले होते पाच रंगांच्या फुलांच्या शय्येवर निजण्याचे. तेव्हा वाचताना मला ते राणीचं लाडकोड वाटलं होतं. थोरल्याचं करून, नोकरी करून, रात्री भांडी लावून मग फोनवर बोलणाऱ्या सूनबाईचा आवाज ऐकला आणि वाटलं, त्या राणीलाही मुख्य हवी असणार ती नीजच.

तिला आठ दिवस इकडे बोलावून घेतलं. नातवाला हे रोज मळ्यात घेऊन जायचे. दहा वाजेपर्यंत मी घरात मिक्सर लावला नाही, चटणी पाट्यावर वाटली. दुसऱ्या दिवशी ती साडेदहाला उठली, केस विस्कटलेले, आणि घाबऱ्या घाबऱ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "आई, उठवलं का नाही?"